दोष कोणाचा आणि दोष कुठे?

वाचकहो, दिवाळी अंकातल्या या पानावर काहीतरी खुसखुशीत, शंकरपाळ्याच्या जातीचे लिहावे अशी संपादकांची दरवर्षी अपेक्षा असते. गतवर्षी मी मिक्सरच्या कुरकुरीबद्दल लिहिले, त्याआधी गॅसच्या पिवळ्या ज्योतीबद्दल. यंदाचा विषय मात्र काळा आहे, अगदी अक्षरशः काळा. संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड बसवावे आणि समोरचा पडदा काळाठिक्कर पडावा, हा तो विषय. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी पान उलटू नये; कारण यात एक बहीण आहे, एक मेहुणे आहेत, एक भाचा आहे, आणि एक शहाणा मामाही आहे. हे चौघे कोणत्याही घरात सापडतात.

गोष्ट गेल्या दिवाळीची. वसुबारस चार दिवसांवर आली होती. रात्री नऊच्या सुमारास धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, स्क्रीन गेली," एवढेच तो बोलला आणि गप्प बसला. आमचा भाचा बडबड्या. तो गप्प बसला म्हणजे प्रकरण गंभीर. चिरंजीव लग्नाच्या फिल्मा जुळवून देण्याचे काम करतात. घरातल्या पुढच्या खोलीत एक संगणक, एक खुर्ची आणि भिंतीला टेकवलेले दिवे, एवढाच कारखाना. पण त्या कारखान्यावर गेली तीन वर्षे त्याचे स्वतःचे पोट चालते, ही गोष्ट लहान नव्हे.

फोनवर हळूहळू सारे बाहेर आले. वैशाखात त्याने एका लग्नाचे चित्रण केले होते. नवरीच्या आजोबांनी मांडवात उभे राहून नातीला आशीर्वाद दिला, दोन शब्द बोलले. श्रावणात आजोबा वारले. त्यांचा चालताबोलता असा तेवढाच तुकडा उरला. मुलगी दिवाळसणाला नवऱ्यासह माहेरी येणार, तेव्हा सगळ्यांनी मिळून फिल्म पाहायची असे ठरलेले. आणि ती फिल्म, तिच्या मूळ चित्रणासकट, त्या एकाच संगणकात! दुसरी प्रत नाही.

सकाळची एस.टी. पकडून मी जळगाव सोडले. पाळधी, एरंडोल, पारोळा अशी नव्वदाच्या वर किलोमीटरची ती वाट. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. पण माझे लक्ष तिकडे नव्हते. माझ्या मनात एक जुने वाक्य टोचत होते. ते वाक्य कोणते, हे शेवटी सांगेन. कारण तेव्हा ते कबूल करायची माझीही तयारी नव्हती.

घरी पोचलो तो चिवड्याचे पोहे भाजल्याचा खमंग वास, आणि त्या वासाला न शोभणारी शांतता. अक्का झारा हातात घेऊन दारात आली. "भाऊ, आते काय व्हई रे?" म्हणाली. अक्का घाबरली की तिची अहिराणी आपोआप वर येते. मेहुणे वर्तमानपत्रामागे होते. पानाआडूनच त्यांचा आवाज आला, "चांगलं चालत होतं. हात कशाला लावला, एवढंच मी विचारतो."

एवढेच ते विचारत होते, आणि आदल्या रात्रीपासून विचारत होते! अक्काने आपल्या भिशीचे पैसे मुलाला कार्डासाठी दिले होते, हे त्यांना त्याच रात्री कळले होते. त्यामुळे कार्ड कुणी घेतले, पैसे कुणी दिले, मला का नाही सांगितले, अशी चौकशी बसली होती. घरात वस्तू बिघडली की प्रथम "दोष कोणाचा?" असे विचारण्याची आपली रीत आहे. कारागीर मात्र "दोष कुठे?" असे विचारतो. पहिल्या प्रश्नाने आजवर एकही यंत्र सुरू झालेले नाही.

मी भाच्याला म्हटले, "वही आण, पेन आण आणि काय काय केलंस ते क्रमाने लिही. मी रागावणार नाही." त्याने लिहिले ते असे. जुन्या लहान कार्डावर काम फार हळू चाले, म्हणून गावातल्याच एकाकडून वापरलेले मोठे कार्ड घेतले. त्याला विजेची आठ पिनांची वेगळी जोडणी लागते. आपल्या एसएमपीएसला तशी वायर नव्हती, म्हणून चार पिनांच्या दोन जुन्या वायरी एकत्र करणारा जोड लावला. चित्र आले. दिवसभर सारे ठीक. पण फिल्म पूर्ण बांधून बाहेर काढण्याचे जड काम लावले की पाचव्या मिनिटाला पडदा काळा आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग त्याने नव्या कार्डाचे ड्रायव्हर जुन्यावरच दोनदा चढवले. तरी तेच. शेवटी कंटाळून नवे कार्ड उपसले आणि जुने लावले, तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर "नो सिग्नल". म्हणजे पूर्वी चालत होते तेही गेले! इथे त्याचा धीर सुटला.

वाचकहो, वही पुढे ठेवून शांतपणे वाचले की ध्यानात येते: इथे चोर एक नाही. जड कामाला बंद पडणे ही एक तक्रार, आणि जुन्या कार्डावरही चित्र न येणे ही अगदी निराळी तक्रार. दोन्हींना एकच कारण शोधत बसलो तर आयुष्य जाईल.

पण दुरुस्तीआधी एक काम होते. घराला आग लागली तर आधी माणसे बाहेर काढतात. आमचा माणूस म्हणजे ते आजोबा! यंत्राची वायर भिंतीतून काढली, चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरले म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगावरची वीज उतरवली आणि आतली डिस्क सोडवली. भाचा आग्रा रोडवर जाऊन अशा डिस्कला बसणारी डबी घेऊन आला. त्याच्या मित्राच्या लॅपटॉपला ती जोडली. क्षणभर काहीच नाही. मग पिवळ्या फोल्डरांची रांग उभी राहिली. वैशाखातले लग्न जागच्या जागी होते. भाच्याने आजोबांचा तुकडा लावला. पांढरी टोपी, थरथरता हात, पाठीमागे सनईचा गलका. अक्का झारा टाकून बघत राहिली. वर्तमानपत्रही थोडे खाली आले.

ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. पडदा काळा झाला म्हणजे फोटो पुसले गेले असे नव्हे. ग्राफिक्स कार्ड हे चित्र दाखवणारे. जपून ठेवणारी ती डिस्क. रेडिओ बंद पडला म्हणून गाणारा मेला असे कोणी म्हणत नाही! (काही नव्या यंत्रांत डिस्कला कुलूप असते, ती दुसऱ्या यंत्राला लावली की लांबलचक आकड्यांची किल्ली मागते. ही किल्ली आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.)

नकल व्हायला दोन तास लागणार होते. तोवर पाने वाढली. कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी. जेवताना मी भाच्याला म्हटले, "तू राहतोस ते गाव कोणतं, ठाऊक आहे ना? इतिहासाचार्य राजवाडे इथेच १९२६ साली वारले. जन्मभर गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरे शोधून त्यांनी जुने कागद जमवले. राजवाडे संशोधन मंडळाने ते या धुळ्यात जपले. आणि तू एका लग्नाची दुसरी प्रत करून ठेवत नाहीस?" तो ओशाळला. खरे तर या भाषणाची गरज नव्हती. पण मास्तरकी चाळीस वर्षे केली, ती जेवतानासुद्धा सुटत नाही.

कार्ड या वस्तूविषयीही मला त्याला सांगायचे होते. आज मोबाइलवर मराठी सहज उमटते. पण १९८० च्या दशकात आपल्या देशात आलेल्या संगणकांना इंग्रजीखेरीज अक्षर ठाऊक नव्हते. तेव्हा आय.आय.टी. कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने, जिची स्थापना १९८८ ची, 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार केले. संगणक उघडून ते खाचेत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. म्हणजे आपली मायबोली संगणकाच्या पडद्यावर आली तीही एका कार्डावर बसून! तेव्हा कार्ड बसवायला निघालेल्या पोराला घरच्यांनी अगदीच उनाड समजू नये. मेहुण्यांनी यावर "हं" असा आवाज काढला. नकार नव्हता, एवढे मी टिपले.

जेवण उरकून कामाला लागलो. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची.

आधी मॉनिटर. त्याला मित्राचा लॅपटॉप जोडला. चित्र लख्ख आले. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि मग तास वाया घालवतात. मॉनिटरला दोन-तीन तोंडे असतात. केबल एकात आणि मॉनिटर वाट पाहतोय दुसऱ्याची, असेही घडते. त्याच्या खालच्या बटणाने योग्य तोंड निवडावे. केबल कुठे लावली तेही पाहावे. कार्ड बसवल्यावर केबल कार्डालाच लावायची. मदरबोर्डाच्या जुन्या तोंडाला लावली तर बहुधा अंधारच.

मग ज्याला सारे जग 'सीपीयू' म्हणते तो डबा. आत एवढी धूळ की केळीचे रोप लावावे! नव्या धाटणीच्या मदरबोर्डावर एका कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि शेवटचा डिस्कवरून सुरू होण्याचा. यंत्र सुरू होताना जिथे अडते तो दिवा जळत राहतो. आमचा जळत राहिला रॅमचा. ग्राफिक्सचा नव्हे! भाचा चकित झाला. कारण रॅमला त्याने हातच लावला नव्हता. पण मोठे कार्ड उपसताना त्याने बरीच झटापट केली होती, आणि रॅमच्या पट्ट्या तिथून चार बोटांवर असतात. एका पट्टीचा चिमटा उघडाच दिसला. दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने हलके पुसले, कचरा झटकला आणि दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज येईतो दाबून बसवल्या. वीज लावली. पडदा उजळला. अक्काने आतून विचारले, "आलं का रे?" आणि उत्तराची वाट न पाहता देवापुढे साखर ठेवली.

चित्र आले, पण चिन्हे बटाट्याएवढी आणि मधूनच लुकलुक. हा तिसरा चोर. जुने कार्ड एका कंपनीचे, नवे दुसरीचे. दोघांचे ड्रायव्हर एकाच घरात राहून भांडत होते. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू केले, तिथे ते साध्या, जुजबी चित्रावर चालते. दोन्ही ड्रायव्हर समूळ काढले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि जे कार्ड बसले आहे त्याचेच ताजे ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या जागेवरून घेऊन चढवले. चित्र जागेवर आले. (काम चालू असतानाच पडदा गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत, ड्रायव्हर नव्याने जागा होतो आणि उघडे काम सहसा जात नाही.)

आता उरला पहिला चोर, आणि तिथे माझी छाती धडधडू लागली.

एसएमपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० छापले होते. पण कार्ड आणि प्रोसेसर यांची भूक मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेवर भागते. बाजूच्या बारीक कोष्टकात त्या वाटेपुढे १८ अँपियर लिहिले होते. बारा अठरे दोनशे सोळा. म्हणजे खरी ताकद २१६ वॉट! कार्डाची भूक त्याच्या कंपनीच्या सांगण्याप्रमाणे १६० वॉट, प्रोसेसरची ६५. इथेच बेरीज २२५ झाली. पंखे, डिस्क, मदरबोर्ड वेगळेच. हलक्या कामात कार्ड अर्धपोटी राही, म्हणून दिवसभर काही वाटले नाही. फिल्म बांधायला घेतली की पूर्ण भूक लागे आणि यंत्र घेरी येऊन पडे. शिवाय तो वायरींचा जोड! कार्डाला खाचेतून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. आठ पिनांचे ओझे जुन्या बारीक वायरींच्या गळ्यात बांधले तर त्या तापतात, वितळतातही. आमच्या जोडाचे प्लास्टिक एका बाजूने पिवळे पडले होते. खान्देशच्या उन्हाळ्यात, जिथे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, हेच यंत्र चालले असते तर काय झाले असते, ते न बोललेले बरे.

म्हणजे कार्ड निर्दोष होते, विकणारा निर्दोष होता, आणि भाच्याचीही फारशी चूक नव्हती. मग दोष कोणाचा? आता ते टोचणारे वाक्य सांगतो. नवरात्रात भाच्याने मला फोन करून विचारले होते, "मामा, एसएमपीएस बदलावा लागेल का?" आणि जळगावात आरामखुर्चीत बसून, डबा न पाहता, मी म्हणालो होतो, "छे रे, त्यावर ४५० लिहिलंय ना? चालेल." पोराने मामाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि रात्रभर बापाची बोलणी खाताना माझे नाव घेतले नाही.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन मेहुण्यांसमोर बसलो. "भाऊजी," म्हटले, "याला बोलू नका. चूक माझी आहे. त्यानं विचारलं होतं, मी चुकीचं सांगितलं." वर्तमानपत्र पूर्ण खाली आले. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मग कालच सांगायचं होतं फोनवर. पोरगं रात्री जेवलं नाही." यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

संध्याकाळी आम्ही तिघेही बाजारात गेलो, मेहुणेसुद्धा. १२ व्होल्टवर ४५ अँपियर देणारा, आठ पिनांची स्वतःची वायर असलेला एसएमपीएस घेतला. पैसे मी दिले. त्यांनी एकदा नको म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले नाही. रात्री नवे कार्ड बसवले, स्क्रू आवळला, जुन्याचे ड्रायव्हर काढून याचे चढवले आणि फिल्म बांधायला लावली. पाचवे मिनिट आले, गेले. दहावे गेले. दीड तासाने फिल्म तयार झाली, तेव्हा मेहुणे खुर्चीतच पेंगत होते. उठून झोपायला काही गेले नव्हते.

आता ज्यांची तक्रार आमच्याहून निराळी असेल त्यांच्यासाठी चार ओळी. तुमचा मॉनिटर जुना, पंधरा पिनांच्या व्हीजीए तोंडाचा असेल तर सावध. ती जोडणी १९८७ सालची. आजच्या कार्डांवर ते तोंडच नसते, आणि नुसती साधी वायर लावून भागत नाही, संकेत बदलून देणारा जोड लागतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात स्वतःचे चित्र नाही. अशा यंत्रातून कार्ड काढून मदरबोर्डाला केबल लावली तर अंधार दिसणारच, घाबरू नये. फार जुन्या मदरबोर्डाला नवे कार्ड कधी कधी ओळखताच येत नाही, घेण्याआधी विचारावे. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी दिसू लागल्या, आणि केबल व ड्रायव्हर बदलूनही त्या राहिल्या, तर मात्र बहुधा कार्डच आजारी. आणि मदरबोर्डावरचा बटणाएवढा सेल, सीआर २०३२ नावाचा, वीज तोडून पाच मिनिटे काढून ठेवला तर बहुतेक बोर्डांच्या मूळ मांडण्या परत येतात. कुठल्याशा मांडणीत हात घालून पडदा घालवला असेल तर हा उपाय आहे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात मारक वीज उरते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फिल्म त्या घरी पोचली. दिवाळसणाच्या रात्री काय झाले ते मला भाच्याकडून कळले. आजोबांचा तुकडा आला तेव्हा आजींनी तो पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. आणि जावईबापूंना ओवाळण्याचे ताट तसेच हातात राहिले.

लक्ष्मीपूजनाला धुळ्याच्या पेठेत वह्यांची पूजा होते. अक्काच्या घरी दुकान नाही, पण त्या संध्याकाळी पाटावर एक वही होती. आमची दुरुस्तीची वही. भाच्याने फोटो पाठवला. पहिल्या पानावर हळदकुंकू, आणि खाली त्याच्या अक्षरात दोन ओळी: "प्रत्येक कामाच्या दोन प्रती. मामांना विचारावे, पण डब्यावरचे कोष्टक आपण स्वतः वाचावे."

दुसरी ओळ मला लागली. पण ती खरी आहे, म्हणून इथे छापतो. तुमच्याही घरच्या जपून ठेवलेल्या आवाजांची आणि चेहऱ्यांची या दिवाळीत एक नकल होवो, म्हणजे माझा एक दिवसाचा धुळे प्रवास सार्थकी लागला.